एक दिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र

विद्यापीठाने, किंवा त्याच्या वतीने एखाद्या संलग्न महाविद्यालयाने, आपल्या परिसरातल्या सामाजिक प्रश्नावर परिसराबाहेरच्या विद्वानांना बोलावून सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत घडवून आणलेल्या विचारमंथनाला चर्चासत्र म्हणतात. यातली दहाची वेळ फक्त निमंत्रणपत्रिकेपुरती असते. पाचची मात्र काटेकोर पाळली जाते, कारण साडेपाचची एसटी चुकली तर पुढची थेट सकाळी असते. प्रश्न कोणताही चालतो. पाणीटंचाई, शेतमालाचे भाव, ऊसतोड मजुरांचे स्थलांतर, व्यसनाधीनता, मराठी शाळांची घटती पटसंख्या हे हमखास चालणारे विषय आहेत. प्रश्न जुना असावा एवढीच अट. नव्या प्रश्नाला संदर्भग्रंथ मिळत नाहीत.

विद्यापीठाने आवाराबाहेर पडावे, ही आपल्याकडे फार उशिरा सुचलेली गोष्ट. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेण्यापुरते. शिकवायचे महाविद्यालयांनी, शिकायचे विद्यार्थ्यांनी आणि नापास करायचे विद्यापीठाने, अशी कामाची स्वच्छ वाटणी होती. तिकडे विलायतेत केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट उत्तरेकडच्या शहरांत फिरून बायकांना आणि रेल्वे कामगारांना व्याख्याने देत होता. त्याने लकडा लावल्यावर १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे अंगावर घेतले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती विद्यापीठाची नसल्यामुळे श्रोते आपखुशीने येत आणि जाताना प्रमाणपत्र मागत नसत. विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे अंग मानले ते थेट १९७७ साली. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने गावोगावच्या महाविद्यालयांत व्याख्यानमाला चालवल्या, शिवाजी विद्यापीठाने अग्रणी महाविद्यालय योजनेत शेजारशेजारच्या महाविद्यालयांचे गट बांधले, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी हिवाळी शिबिरांत वनराई बंधारे घातले. ही कामे गुपचूप होणारी आणि उपयोगी असल्यामुळे मागे राहिली. पुढे आले ते चर्चासत्र, आणि त्याला पुढे आणले बढतीच्या नियमांनी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकाची शैक्षणिक कामगिरी गुणांत मोजण्याची पद्धत आली. आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय असेल तर साडेसात, राज्यस्तरीय असेल तर ५ आणि स्थानिक असेल तर ३. तोच निबंध, त्याच सरांनी, त्याच घाईत वाचला तरी मागच्या फ्लेक्सवरच्या एका विशेषणाने त्याचे मोल अडीचपट होते, हे कळल्यावर स्थानिक चर्चासत्र घेण्याइतके निरिच्छ महाविद्यालय शोधून सापडेना. २०१८ च्या नियमावलीने हे आकडे खाली आणले. परदेशातल्या परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. भाव उतरला, पण आवक काही कमी झाली नाही.

चर्चासत्र राष्ट्रीय ठरायला परराज्यातला माणूस लागतो. या बाबतीत राज्य पुनर्रचनेने सर्वांना सारखा न्याय दिलेला नाही. कोल्हापूरकरांचे राष्ट्र ४० किलोमीटरवर निपाणीला सुरू होते. निपाणीचे सर मराठी बोलतात, मराठी शिकवतात, त्यांची सासुरवाडी कोल्हापुरात असते आणि चर्चासत्राला ते मोटारसायकलवरून येतात. तरीही जिल्हा बेळगाव आणि राज्य कर्नाटक असल्यामुळे त्यांनी सभागृहात पाऊल ठेवताच चर्चासत्र राष्ट्रीय होते. सीमाप्रश्न उद्या महाराष्ट्राच्या बाजूने सुटला तर आनंद सर्वांनाच होईल. फक्त कोल्हापुरातले समन्वयक थोडे गप्प राहतील. उदगीरला बिदर आहे, नांदेडला निजामाबाद, जळगावला बुऱ्हाणपूर, नंदुरबारला सुरत, गडचिरोलीला छत्तीसगड. सावंतवाडीला गोवा इतका लगत आहे की तिथला पाहुणा बीजभाषण करून जेवायला घरी पोचू शकतो. उलट सावंतवाडीचे महाविद्यालय ज्या मुंबई विद्यापीठाला संलग्न आहे, तिथून कोणी यायचे तर त्याला आदल्या रात्री कोकणकन्येत बसावे लागते. सर्वांत कमनशिबी बीड. बीड जिल्ह्याची हद्द एकाही परराज्याला लागत नाही. दुष्काळ, स्थलांतर, ऊसतोड हे सगळे विषय घरचे, पण राष्ट्र मात्र भाड्याची गाडी करून लांबून आणावे लागते.

आंतरराष्ट्रीय होणे पूर्वी खरोखरच अवघड होते. २०२० च्या टाळेबंदीने ते सोपे केले. महाविद्यालयाचा एखादा माजी विद्यार्थी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्याला सकाळी अकराच्या उद्घाटनाला पडद्यावर घेतात. त्याच्याकडे तेव्हा हिवाळ्यातले रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. विषय पाणीटंचाई असल्यामुळे तो लहानपणी आईबरोबर हापशावर नंबर लावल्याची आठवण सांगू लागतो. ती दिवसभरातली सर्वांत खरी माहिती असते, पण नेमका तेवढ्यात आवाज जातो. ओठ हलताना दिसत असतात, तेवढ्यात पडद्याचा फोटो काढून घेतला जातो आणि आंतरराष्ट्रीय सहभाग पूर्ण होतो.

चर्चासत्रांचा हंगाम जानेवारी ते मार्च. मिळालेले अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचे असते. त्यामुळे पाणीटंचाईवरची चर्चा फेब्रुवारीत, विहिरींना पाणी असताना होते. एप्रिल-मे महिन्यांत टंचाई प्रत्यक्ष येते तेव्हा विद्यापीठ परीक्षेत गुंतलेले असते.

तयारीची सुरुवात माहितीपत्रकाने होते. त्यात संस्थापकांचे छायाचित्र, संस्थेचा इतिहास, गावाचा इतिहास, जवळची तीर्थक्षेत्रे, हवामान आणि बसस्थानकापासूनचे अंतर एवढे झाल्यावर विषय येतो. विषयाच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब असतातच: ‘ग्रामीण भागातील पाणीटंचाई: समस्या, आव्हाने आणि उपाय’. चर्चासत्र आंतरविद्याशाखीय असल्यामुळे त्याखाली उपविषयांची रांग लागते. पाणीटंचाई आणि अर्थव्यवस्था हे ठीकच. पाठोपाठ पाणीटंचाई आणि मराठी कादंबरी, पाणीटंचाई आणि इंग्रजी साहित्य, पाणीटंचाई आणि ग्रंथालयांची भूमिका, पाणीटंचाई आणि शारीरिक शिक्षण. कोणाचाही विभाग कोरडा राहू नये अशी काळजी घेतलेली असते. एवढे करूनही कोणी राहिलाच तर शेवटी ‘विषयाशी संबंधित इतर कोणताही उपविषय’ ही ओळ असते. पुष्कळ निबंध त्या ओळीखाली येतात.

प्रत्यक्ष दिवशी प्रथम नोंदणी. शुल्क भरणाऱ्याला एक फाइल, एक पेन, चार कोऱ्या कागदांचे पॅड आणि जेवणाचे कूपन मिळते. यापैकी सांभाळून ठेवण्याची वस्तू कोणती, हे अनुभवी प्रतिनिधीला सांगावे लागत नाही.

मग उद्घाटन. चर्चासत्राचे हे सर्वांत समृद्ध अंग असून चर्चेशी त्याचा संबंध सर्वांत कमी असतो. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, विद्यापीठगीत, स्वागतगीत असा क्रम ठरलेला आहे. समईची वात पंख्याने विझते, म्हणून पंखे बंद करतात, ते पुन्हा लावायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, उद्घाटक, बीजभाषक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्राचार्य, समन्वयक आणि सहसमन्वयक बसतात. यातल्या प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाचा सत्कार आणि प्रत्येकाचे मनोगत होते. अलीकडे पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची चांगली पद्धत पडली आहे. पाणीटंचाईवरच्या चर्चासत्रातून पाहुणे नऊ रोपे घेऊन जातात. त्यांना पाणी कोणी घालायचे, हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही. सूत्रसंचालक बहुधा मराठी विभागाचे असतात आणि दोन वक्त्यांच्या मध्ये एक चारोळी म्हणतात. संस्थेचे अध्यक्ष साखर कारखान्याचेही अध्यक्ष असले, तर पाणी कुठे जाते या उपविषयावरचा निबंध दुपारच्या सत्रात, शेवटून दुसरा ठेवलेला असतो.

बीजभाषक विद्वान असतात. अडचण असते ती त्यांच्या सुरुवातीच्या ठिकाणाची. ते ऋग्वेदापासून सुरू करतात. सिंधू संस्कृतीतले नाले राहिले म्हणून थोडे मागे जातात. पुढे शिवकाळातली जलव्यवस्था, जोतीराव फुल्यांचे १८८३ चे ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि त्यातल्या तळी-बंधाऱ्यांच्या सूचना, शाहू महाराजांचे राधानगरी धरण, दामोदर खोऱ्याच्या योजनेतला बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा, हे सगळे क्रमाने आणि खरोखर चांगले सांगतात. घड्याळ दीडकडे गेलेले असते. १९७२ चा दुष्काळ आणि त्यातून १९७७ च्या कायद्यापर्यंत पोचलेली रोजगार हमी योजना येते, तेव्हा प्राचार्यांची चिठ्ठी येते. बीजभाषक ती वाचून खिशात ठेवतात. दुसरी चिठ्ठी आली की ‘विषयाचा आवाका मोठा आहे, वेळेअभावी इथेच थांबतो’ म्हणतात. अशा रीतीने गेल्या पन्नास वर्षांतली टंचाई चर्चेच्या बाहेर राहते.

बाहेर राहिलेल्या त्या भागात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी द्यावे लागले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. या गाडीचा मार्ग शैक्षणिकदृष्ट्या पाहण्यासारखा आहे. मिरज शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत. पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत. तेव्हाचे उस्मानाबाद डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत. लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत. सामाईक प्रश्नावर चार विद्यापीठांच्या हद्दींतून, प्रवासभत्ता न घेता आणि वेळापत्रक सांभाळून झालेला यापेक्षा चांगला आंतरविद्यापीठीय उपक्रम दाखवता येणार नाही. त्याला समन्वयक नव्हता, म्हणून तो पार पडला असावा.

जेवणाच्या वेळी खरी चर्चा होते. पुरी, भाजी, जिलेबी आणि मठ्ठा घेऊन माणसे झाडाखाली उभी राहतात आणि भरतीवरची बंदी, जुनी पेन्शन, विद्यार्थी का रोडावले, कुठल्या महाविद्यालयाची कुठली तुकडी बंद पडणार, हे कागदाशिवाय आणि संदर्भसूचीशिवाय बोलतात. याच घोळक्यात तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण असतात. अर्ध्या तपापेक्षा जास्त काळ ते ‘पुढच्या वर्षी जागा निघतील’ हे ऐकत आलेले असतात. मुलाखतीच्या फाइलीत प्रमाणपत्रे हवीत म्हणून महिन्याच्या तुटपुंज्या आणि उशिरा येणाऱ्या मानधनातून ते नोंदणी शुल्क भरतात, एसटीने येतात आणि संपूर्ण दिवस थांबतात. चर्चासत्रावर कितीही हसले तरी या माणसांवर हसता येत नाही. बऱ्याचदा दिवसातला बरा निबंध यांचाच असतो, कारण तो लिहायला त्यांच्या गावाबाहेर जावे लागलेले नसते.

जेवणानंतर तांत्रिक सत्रे सुरू होतात. ती एकाच वेळी तीन वर्गखोल्यांत चालतात, जेणेकरून उरलेले श्रोते तीन ठिकाणी विभागले जावेत. सव्वा तासात चौदा निबंध व्हायचे असल्याने प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. पहिली दोन मिनिटे व्यासपीठावरील मान्यवरांचा उल्लेख करण्यात जातात. वाचणारा प्रस्तावना वाचून निष्कर्षावर उडी मारतो, आणि मधले संशोधन सर्वांनी गृहीत धरायचे असते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या दोन गावांशिवाय पाणीटंचाईवरचा निबंध पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत, हे अशा वेळी विसरायला होते. काही निबंध याआधी दुसऱ्या चर्चासत्रात वाचलेले असतात. त्यांतली जिल्ह्याचे नाव बदलण्याची कामगिरी पहिल्या पानावर चोख झालेली असते, चौथ्या पानावर मात्र ‘सोलापूर जिल्ह्यातील वरील आकडेवारीवरून’ असे वाक्य सुटलेले असते. सत्राध्यक्ष शेवटी ‘सर्वच निबंध अभ्यासपूर्ण होते’ असे म्हणतात. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा निबंध शेजारच्या खोलीत पुकारला जातो आणि ते उठतात.

क्वचित एखादा धाडसी समन्वयक सरपंचाला बोलावतो. त्याला समारोपाच्या आधीची दहा मिनिटे दिलेली असतात. सरपंच कागद आणत नाही. किती बोअर घेतले, किती कोरडे गेले, टँकरची फेरी कोणाच्या दारातून सुरू होते आणि का, ऊस कोणी सोडला आणि कोणी नाही सोडला, हे तो नावे न घेता पण गावाला कळेल असे सांगतो. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम कोणत्याही सरपंचाला तोंडपाठ सांगता येतात: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही त्यात हक्क द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही. हे तीन नियम सरपंच अर्ध्या मिनिटात सांगतो. निबंधात त्यांना सैद्धांतिक चौकटीसह सात पाने लागतात. सरपंच बोलत असताना सभागृहातले मोबाइल खाली ठेवलेले दिसतात. मात्र त्याने काही प्रकाशित केलेले नसल्याने अहवालात त्याचे नाव ‘आणि इतर मान्यवर’ या शब्दांत येते.

सभागृह भरते ते विद्यार्थ्यांनी. सकाळच्या हजेरीचा धाक घालून प्रथम वर्ष कला शाखेचे वर्ग मागच्या रांगांत बसवलेले असतात. रांगोळी मुलींनी काढलेली असते, खुर्च्या मुलांनी लावलेल्या असतात आणि व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या नेऊन ठेवणारा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक ज्या गावातून येतो, तिथे मार्चनंतर टँकर चालू होतो. विद्यापीठाला ज्या परिसरापर्यंत पोचायचे असते, तो असा सकाळपासून सभागृहात हजर असतो. त्याला प्रश्न विचारण्याची व्यवस्था कार्यक्रमपत्रिकेत ‘चर्चा: ५ मिनिटे’ अशी केलेली असते आणि ती वेळ बीजभाषणात गेलेली असते. एखाद्या मुलीने तरीही हात वर केला, तर ‘विद्यार्थ्यांनी प्रश्न लेखी द्यावेत’ असे सांगतात.

समारोपात दोन प्रतिनिधी मनोगत व्यक्त करतात. नियोजन नेटके होते आणि भोजन रुचकर होते, यावर देशभरातल्या विद्वानांचे एकमत असते. त्यानंतर ठराव. शासनाने धोरण आखावे, शेतकऱ्यांनी जागृत व्हावे, युवकांनी पुढे यावे. महाविद्यालयाने काय करावे, याविषयी ठराव होत नाही. आभाराला वीस मिनिटे लागतात, कारण मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला धरून कोणाला वगळणे बरे दिसत नाही. प्रमाणपत्रे आदल्या दिवशीच छापलेली असतात. ती जेवणाआधी वाटली तर सभागृह रिकामे होते, हे माहीत असलेला समन्वयक कपाटाची किल्ली पाचपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवतो. चर्चासत्राच्या यशाचे हे सर्वांत महत्त्वाचे तंत्र आहे.

पुढचे काम कागदाचे. बातमीत सव्वीस नावे छापून येतात आणि विषय मथळ्यात उरतो. निबंधांचे आयएसबीएन क्रमांक असलेले पुस्तक निघते, ज्यांचे निबंध त्यात आहेत तेच ते विकत घेतात. छायाचित्रे, हजेरीपत्रक, बातमीचे कात्रण आणि अहवाल अशी फाइल महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषाखाली जाते. संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्य या तिन्ही गोष्टी त्या एकाच निकषात येत असल्याने एका चर्चासत्रातून तिन्ही दाखवता येतात. पुढच्या वर्षी कोणी पाणीटंचाई हा विषय सुचवला तर आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाच्या बैठकीत ‘पाणीटंचाई झाली आपली’ असे उत्तर मिळते आणि व्यसनाधीनता घेतली जाते.

यात बदल करणे फारसे खर्चिक नाही. चर्चासत्र फेब्रुवारीऐवजी मेमध्ये, सभागृहाऐवजी ज्या गावाला टँकर येतो तिथल्या शाळेत घ्यावे. व्यासपीठ ठेवू नये, म्हणजे परिचय आणि सत्कार आपोआप वाचतील. बीजभाषण सरपंचाला द्यावे आणि समारोपाची दहा मिनिटे बीजभाषकाला. पाचऐवजी पन्नास मिनिटे प्रश्नांना ठेवावीत आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतला घ्यावा. फक्त एक अडचण राहते. २०१८ च्या तक्त्यात निबंध वाचण्याला, व्याख्यान देण्याला आणि परदेशी जाऊन बोलण्याला गुण आहेत. ऐकण्यासाठी रकाना नाही. तो निघेपर्यंत ज्यांना खरोखरच ऐकायचे असेल त्यांनी जेवणानंतरच्या सत्राला यावे. जागा भरपूर असते, आणि तोपर्यंत कोणीतरी पंखाही लावलेला असतो.